बिल्ड ‘अप-टू-डेट’, पट्टी मात्र जुनीच : ग्रेडल प्लगिनमधला परत परत येणारा बिघाड

टेम्प्लेट बदललं, बिल्ड (कोडपासून तयार प्रोग्राम बांधणं) बिनतक्रार पार पडला, जार (जावा प्रोग्रामची तयार फाईल) ग्राहकाकडे गेला आणि तिथे छापून आलं ते जुनंच. हा बिघाड आमच्याकडे एकदा नाही, सलग तीन हंगाम आला. दरवेळी आम्ही तो ‘मिटवला’ आणि दरवेळी तो परत उगवला. तुम्ही ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनासाठी स्वतःचं प्लगिन (जोड-प्रोग्राम) लिहिलं असेल आणि ‘एकदा क्लीन मारून बघ’ हे वाक्य ऑफिसात रोज ऐकू येत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आम्ही सांगलीत, विश्रामबागेत बसून मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतदुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी द्यायची असते. पोती किती, वजन किती भरलं, दर काय लागला, हमाली-तोलाईचे किती गेले आणि हातात किती आले. प्रत्येक दुकानाच्या पट्टीचा नमुना वेगळा. हे नमुने आणि हमाली-तोलाईच्या दरांची फाईल घेऊन छपाईच्या रिसोर्स फाईल तयार करायचं काम आमचं प्लगिन बिल्डच्या वेळी करतं.

फेब्रुवारीत आवक वाढते आणि फोन सुरू होतात. ‘सर, नवीन तोलाई टाकली म्हणालासा, पट्टीवर जुनीच येतीया की.’ पलीकडे दुकानात शेतकरी ती पट्टी हातात घेऊन उभा असतो. पोत्यामागे चुकलेले दोन-चार रुपये त्याच्या वर्षभराच्या मालातून गेलेले असतात. म्हणून हा बिघाड मी कधी किरकोळ मानला नाही.

पुढे जाण्याआधी एक सूचना. टास्क (बिल्डमधलं एकेक काम), ॲनोटेशन (कोडवर लावायची ‘@’ची खूण) आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच मूळ स्पेलिंगनेच टाका.

क्लीनने बरं का वाटायचं आणि नंतर का थांबलं

ग्रेडल प्रत्येक टास्कचे इनपुट आणि आउटपुट लक्षात ठेवतं. दोन्हींत फरक नसेल तर टास्क न चालवता ‘अप-टू-डेट’ म्हणून पुढे जातं. आमचं टास्क नमुना बदलल्यावरही ‘अप-टू-डेट’ म्हणायचं. क्लीन केलं की बिल्ड फोल्डर पुसलं जायचं, आउटपुटच नाही म्हटल्यावर टास्क चालायचं आणि नवी पट्टी यायची. दोन हंगाम आम्ही यावर काढले. रिलीजच्या कागदावर पहिली ओळच ‘आधी क्लीन’ अशी होती.

तिसऱ्या हंगामात बिल्डचा वेळ वाचावा म्हणून आम्ही बिल्ड कॅश (आधीच्या बिल्डचं आउटपुट साठवून परत वापरायची सोय) चालू केली आणि क्लीनचा गुण यायचा थांबला. फोल्डर पुसलं तरी ग्रेडल इनपुटवरून कॅशची किल्ली काढतं. किल्ली तीच आली की जुनं आउटपुट कॅशमधून उचलून परत तिथेच ठेवतं. कन्सोलवर ‘फ्रॉम-कॅश’ दिसतं आणि पट्टी जुनीच. सर्व्हरवरचा बिल्ड दरवेळी कोडची नवी प्रत (क्लोन) घेऊन व्हायचा, म्हणून तो तरी आजवर बरोबर असायचा. कॅश आल्यावर तोही चुकायला लागला. खोट कॅशमध्ये नव्हती. आमच्या टास्कने ग्रेडलला आपण नक्की कशावर अवलंबून आहोत हे कधी खरं सांगितलंच नव्हतं. क्लीनने ते झाकलं होतं, कॅशने ते उघडं पाडलं.

हंगामाच्या ऐन दिवशी दुरुस्तीला वेळ नसेल, तर क्लीनऐवजी ग्रेडल 7.6 पासून असलेला ‘--रीरन’ पर्याय त्या एका टास्कला लावा, किंवा सगळ्यासाठी ‘--रीरन-टास्क्स’ वापरा. यात आधीचे निकाल, कॅशमधलेसुद्धा, बाजूला ठेवून टास्क खरोखर चालतं. पण ही फक्त त्या दिवसाची सोय आहे.

रोग ओळखायचे तीन रन

कोड उघडण्याआधी तीन गोष्टी करून बघा, पंधरा मिनिटं लागतात.

काहीही न बदलता बिल्ड लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्यांदा तुमचं टास्क ‘अप-टू-डेट’ यायलाच हवं. परत चालत असेल तर ‘--इन्फो’ लावा. कुठलं इनपुट किंवा आउटपुट बदललं म्हणून टास्क चालवावं लागलं, ते ग्रेडल त्या लॉगमध्ये स्पष्ट लिहितं.

मग टास्क जी फाईल वाचतं तिच्यात एक अक्षर बदला आणि परत चालवा. अशी प्रत्येक फाईल घ्या, एकही सोडू नका. टास्क चाललं पाहिजे. ‘अप-टू-डेट’ आलं तर ती फाईल इनपुट म्हणून नोंदलेलीच नाही. आमच्याकडे नमुन्यांचं फोल्डर आणि दरांची फाईल, दोन्ही इथे नापास झाले.

तिसरा रन बहुतेक जण करत नाहीत. प्रोजेक्टची प्रत दुसऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये घ्या आणि बिल्ड कॅश चालू ठेवून तिथे बिल्ड करा. टास्क कॅश करण्याजोगं असेल तर ‘फ्रॉम-कॅश’ यायला हवं. ते परत पहिल्यापासून चालत असेल तर इनपुटमध्ये कुठेतरी पूर्ण पाथ (फाईलचा मशीनवरचा पत्ता) घुसलेला आहे. कुठलं इनपुट वेगळं पडतंय हे पाहायला ‘ओआरजी.ग्रेडल.कॅशिंग.डीबग’ ही प्रॉपर्टी ‘ट्रू’ करा. प्रत्येक इनपुटचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) छापला जातो आणि दोन्ही फोल्डरचे लॉग शेजारी ठेवले की फरक दिसतो.

आमच्याकडे दुसरा आणि तिसरा, दोन्ही रन नापास. ऑफिसात या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून नोंदल्या होत्या. एक जण म्हणायचा पट्टी जुनी येते, दुसरा म्हणायचा कॅश असून माझ्या मशीनवर काहीच वाचत नाही. दोन्हींचं मूळ एकाच ओळीत होतं.

ती ओळ

टास्कच्या क्लासमध्ये नमुन्यांच्या फोल्डरचा पाथ स्ट्रिंग (नुसती अक्षरं) म्हणून ठेवला होता आणि त्यावर ‘@इनपुट’ लावलं होतं. दिसायला अगदी निर्दोष. पण ‘@इनपुट’ म्हणजे ग्रेडलला सांगणं, की या व्हॅल्यूवर लक्ष ठेव. व्हॅल्यू काय? पाथची अक्षरं. फोल्डरमधला नमुना बदलला तरी पाथची अक्षरं तीच, म्हणून ‘अप-टू-डेट’. आणि दुसऱ्याच्या मशीनवर मजकूर तोच असला तरी युजरच्या नावामुळे पाथ वेगळा, म्हणून कॅशचा उपयोग शून्य. ज्याने फरक पडायला हवा त्याने पडत नव्हता, आणि ज्याने पडायला नको त्याने पडत होता.

दुसरी चूक टास्क-ॲक्शनच्या, म्हणजे टास्क चालताना धावणाऱ्या कोडच्या, आत होती. दरांची फाईल तिथेच ‘प्रोजेक्ट.फाईल’ने शोधून वाचली जायची, तिच्यावर कुठलंच ॲनोटेशन नाही. ग्रेडलच्या लेखी ती फाईल अस्तित्वातच नव्हती. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मशीनवर ठेवलेली सेटिंग) टास्कच्या आत वाचणं हीसुद्धा याच जातीची चूक.

हे इतके दिवस लक्षात का आलं नाही, याला एक कारण आहे आणि ते प्रत्येक प्लगिन लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावं. टास्कच्या क्लासचा कोड हाही ग्रेडलच्या हिशोबात इनपुट असतो. प्लगिनमध्ये एक ओळ बदलली की टास्क आपोआप परत चालतं. प्लगिन लिहिणारा माणूस दिवसभर कोडच बदलत असतो, म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर टास्क नेहमी चालतं आणि आउटपुट नेहमी ताजं असतं. बिघाड दिसतो तो फक्त प्लगिन न बदलता नमुना बदलणाऱ्याला. आमच्याकडे नमुने ज्युनियर मुलं बदलायची. त्यांनी तक्रार केली की मी माझ्या मशीनवर लावून दाखवायचो, ‘हे बघ, येतंय की.’ ती मुलं बरोबर होती.

तपासणी होती, पण चालतच नव्हती

ग्रेडलमध्ये प्लगिन तपासायचं टास्क तयारच आहे, ‘व्हॅलिडेटप्लगिन्स’. ग्रेडल 6 च्या आधी त्याचं नाव ‘व्हॅलिडेटटास्कप्रॉपर्टीज’ होतं. प्लगिनच्या प्रोजेक्टला ‘जावा-ग्रेडल-प्लगिन’ लावलं की ते मिळतं आणि ‘चेक’ या सगळ्या तपासण्या चालवणाऱ्या टास्कसोबत चालतं. ॲनोटेशन विसरलेली प्रॉपर्टी, फाईल प्रकारावर नुसतं ‘@इनपुट’, एकमेकांशी न जुळणारी ॲनोटेशनं, असं सगळं ते पकडतं.

आमचं प्लगिन ‘बिल्डएसआरसी’ या, प्रोजेक्टच्या आतल्या बिल्डच्याच कोडसाठी असलेल्या फोल्डरमध्ये होतं. ग्रेडल 7 पर्यंत मुख्य बिल्ड सुरू होताना तिथलं ‘बिल्ड’ टास्क पूर्ण चालायचं, म्हणजे टेस्ट आणि तपासणी दोन्ही. ग्रेडल 8.0 पासून तिथे फक्त जार तयार करण्यापुरती टास्क चालतात. टेस्ट आणि ‘चेक’ आपणहून चालत नाहीत. आम्ही 7.6 वरून 8 वर गेलो, बिल्डची सुरुवात जलद झाली म्हणून खूश झालो आणि तपासणी थांबल्याचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मधल्या काळात प्लगिनमध्ये आणखी दोन टास्कची भर पडली होती. त्यांच्यातही ॲनोटेशनच्या चुका होत्या. तपासणी चालली असती तर त्या दिवशीच कळलं असतं.

प्लगिन वेगळ्या इन्क्लूडेड बिल्डमध्ये (मुख्य बिल्डला जोडलेल्या स्वतंत्र बिल्डमध्ये) नेलं तरी हा प्रश्न सुटत नाही. मुख्य प्रोजेक्टचं ‘चेक’ चालवलं म्हणून इन्क्लूडेड बिल्डचं ‘चेक’ चालत नाही. ते मुद्दाम जोडावं लागतं. मुख्य बिल्ड स्क्रिप्टमध्ये ‘चेक’ टास्कला ‘डिपेंड्सऑन’ लावून ‘ग्रेडल.इन्क्लूडेडबिल्ड’मधून त्या बिल्डच्या ‘:चेक’कडे बोट दाखवा. आमच्याकडे आता असंच आहे. जोडल्यावर एकदा मुद्दाम एक ॲनोटेशन काढून बिल्ड लाल होतो का ते पाहा. तपासणी खरंच चालते आहे याची मला एवढ्यानेच खात्री वाटते.

शिवाय ‘व्हॅलिडेटप्लगिन्स’ टास्कवर ‘इनेबलस्ट्रिक्टरव्हॅलिडेशन’ चालू करा. प्रोजेक्टच्या आतल्याच प्लगिनसाठी ते मूळात बंद असतं. चालू केलं की प्रत्येक टास्कवर कॅश करायचं की नाही हे लिहायला लावतं. ‘@कॅशेबलटास्क’ किंवा ‘@डिसेबलकॅशिंगबायडिफॉल्ट’, यांपैकी एक निवडावंच लागतं. पहिल्यांदा चालवल्यावर चुकांची रांग लागली तर घाबरून बंद करू नका. आमची रांग दीड दिवसात संपली.

आता महत्त्वाची मर्यादा. ही तपासणी कंपाईल झालेल्या क्लासची घडण पाहते. टास्क चालवून पाहत नाही. त्यामुळे आमची मूळ चूक, स्ट्रिंगमध्ये ठेवलेला पाथ, तिला दिसत नाही. ती स्ट्रिंग पाथ आहे की दुकानाचं नाव, हे तिला कळणार कसं? टास्कच्या आत परस्पर उघडलेली फाईलही दिसत नाही. त्यासाठी दुसरी चाळणी लागते. तिच्याकडे दुरुस्तीनंतर येतो.

दुरुस्ती

स्ट्रिंग काढून टाकली. टास्कचा क्लास ॲबस्ट्रॅक्ट केला आणि प्रॉपर्टी ग्रेडलच्या स्वतःच्या प्रकारांत घेतल्या. नमुन्यांच्या फोल्डरला ‘डिरेक्टरीप्रॉपर्टी’, त्यावर ‘@इनपुटडिरेक्टरी’ आणि सोबत ‘@पाथसेन्सिटिव्ह’ ‘रिलेटिव्ह’. यामुळे मजकूर आणि फोल्डरच्या आतली मांडणी हिशोबात येते, मशीनवरचा पूर्ण पाथ येत नाही. दरांच्या फाईलला ‘रेग्युलरफाईलप्रॉपर्टी’, ‘@इनपुटफाईल’ आणि ‘@पाथसेन्सिटिव्ह’ ‘नन’, कारण तिचं नाव काय यापेक्षा आत काय लिहिलंय एवढंच आम्हाला हवं. आउटपुटला ‘@आउटपुटडिरेक्टरी’. दुकानाचा कोड ही खरोखरच व्हॅल्यू आहे, म्हणून तिथे ‘@इनपुट’ राहिलं.

‘@इंटर्नल’बद्दल एक कळकळीची विनंती. तपासणी तक्रार करते म्हणून कंटाळून ते लावू नका. त्याचा अर्थ ‘ही प्रॉपर्टी बदलली तरी आउटपुट बदलत नाही’ असा होतो. खरंच तसं असेल तरच लावा. नाहीतर तक्रार गप्प होते आणि चूक जागच्या जागी राहते.

टास्क-ॲक्शनमधून ‘प्रोजेक्ट’ हा शब्द पूर्ण हद्दपार केला. फाईल कॉपी करायला ‘फाईलसिस्टिमऑपरेशन्स’ इंजेक्ट करून (थेट ग्रेडलकडून मागून) घेतलं. हे पाळलंय का, हे पाहायला उत्तम साधन म्हणजे ‘--कॉन्फिगरेशन-कॅश’ (बिल्डची मांडणी साठवून परत वापरायची सोय). ग्रेडल 8.1 मध्ये ती स्थिर झाली. टास्क चालताना ‘प्रोजेक्ट’ला हात लावला की ती बिल्ड पाडते आणि रिपोर्टमध्ये जागा दाखवते. आमची दरांची फाईल वाचणारी ओळ तिनेच पहिल्या झटक्यात दाखवली.

आउटपुट पुढे जोडताना आम्ही नुसतं ‘डिपेंड्सऑन’ लिहिलं होतं. आता टास्कचा प्रोव्हायडरच (टास्ककडे नेणारा ग्रेडलचा दुवा) रिसोर्सच्या सोर्स डिरेक्टरीला देतो. अवलंबित्व त्यातच येतं, वेगळं लिहावं लागत नाही.

मराठी मजकूर आणि न दिसणारं इनपुट

हे दुरुस्त झाल्यावर आठवड्याभरात वेगळाच फोन आला. पट्टीवर ‘तोलाई’च्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ. नमुना बरोबर, इनपुट बरोबर नोंदलेलं, तरीही.

आमच्या प्लगिनमध्ये फाईल वाचता-लिहिताना कॅरेक्टर सेट (कुठलं अक्षर कुठल्या आकड्याने साठवायचं याचा तक्ता) दिलेला नव्हता. जावा 17 पर्यंत तो दिला नाही तर ऑपरेटिंग सिस्टिमचा धरला जातो. विंडोजवर तो सहसा यूटीएफ-8 (सगळ्या लिप्यांना जागा असलेला सेट) नसतो आणि त्यात देवनागरीला जागाच नसते. मार्च 2022 मध्ये आलेल्या जावा 18 पासून मूळ सेट यूटीएफ-8 झाला. एका विंडोज मशीनवर जावा 17 होतं. तिथे तयार झालेलं बिघडलेलं आउटपुट आमच्या ऑफिसातल्या सामायिक कॅशमध्ये गेलं आणि तिथून सगळ्यांकडे. म्हणजे मशीनचा कॅरेक्टर सेट हेसुद्धा एक इनपुट होतं आणि ते कोणीच नोंदलं नव्हतं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक वाचण्या-लिहिण्याला यूटीएफ-8 स्पष्ट द्या, एकही जागा सोडू नका. सामायिक कॅशमध्ये लिहायचा अधिकार फक्त सर्व्हरवरच्या बिल्डला ठेवा. बाकीच्या मशीनना फक्त वाचू द्या. इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा बिघाड अनेक वर्षं दिसणार नाही. आपल्याला पहिल्याच दिवशी दिसतो, म्हणून आपल्या टेस्टमधल्या नमुन्यात मराठी मजकूर असायलाच हवा, जोडाक्षरांसकट.

याच कुळातल्या दोन गोष्टी. विंडोजवर गिट (कोडचे बदल सांभाळणारं साधन) ओळीचा शेवट बदलत असेल तर तीच फाईल वेगळी ठरते. टेक्स्ट इनपुटवर ग्रेडल 7.2 पासूनचं ‘@नॉर्मलाईझलाईनएंडिंग्ज’ लावा. आणि जावाच्या ‘प्रॉपर्टीज’ क्लासचं ‘स्टोअर’ फाईलच्या वर तारीख-वेळेची कॉमेंट टाकतं. त्यामुळे आउटपुट दरवेळी नवं होतं आणि पुढची टास्क विनाकारण चालतात. ग्रेडलचं ‘राईटप्रॉपर्टीज’ टास्क ती कॉमेंट टाकत नाही.

दुसरी चाळणी : टेस्टकिट

आमच्या जुन्या टेस्ट ‘प्रोजेक्टबिल्डर’ (टेस्टपुरता नकली प्रोजेक्ट उभा करणारा ग्रेडलचा क्लास) वापरून लिहिल्या होत्या. प्लगिन लागतं का, टास्क नोंदलं जातं का, एवढंच त्या पाहतात. टास्क चालतच नाही. तिन्ही हंगाम त्या हिरव्या होत्या.

ग्रेडलच्या टेस्टकिट या टेस्टच्या साधनातलं ‘ग्रेडलरनर’ तात्पुरत्या फोल्डरमधल्या छोट्या प्रोजेक्टवर खरा बिल्ड चालवतं आणि प्रत्येक टास्कचा निकाल हातात देतं. वर हाताने केलेले तीन रन आम्ही इथे टेस्ट म्हणून लिहिले. पहिली टेस्ट दोनदा चालवून दुसऱ्यांदा ‘अप-टू-डेट’ मागते. दुसरी नमुन्यातला एक शब्द, मग दरांतला एक आकडा बदलते, दोन्ही वेळा ‘सक्सेस’ मागते आणि आउटपुट फाईल उघडून नवा शब्द, नवा आकडा खरंच आला का ते पाहते. तिसरी दोन वेगळ्या फोल्डरमध्ये तोच प्रोजेक्ट मांडते, सेटिंग्ज फाईलमध्ये दोघांना एकच कॅश फोल्डर देते आणि दुसरीकडे ‘फ्रॉम-कॅश’ मागते. तिन्ही टेस्टना कॉन्फिगरेशन कॅशचा पर्याय लावून ठेवला आहे.

या तिन्हींत दुसरी सर्वांत मोलाची आहे. वेळ एकाच टेस्टपुरता असेल तर तीच लिहा.

लिहिताना दोन ठिकाणी हमखास अडखळायला होतं. फंक्शनल टेस्टसाठी (खरा बिल्ड चालवून पाहणाऱ्या टेस्टसाठी) वेगळा सोर्स सेट (कोडचा वेगळा गट) केला आणि ‘विथप्लगिनक्लासपाथ’ म्हटलं, की ‘प्लगिन-अंडर-टेस्ट-मेटाडेटा’ नावाची फाईल सापडत नाही अशी चूक येते. ‘ग्रेडलप्लगिन’ ब्लॉकमध्ये ‘टेस्टसोर्ससेट्स’ला तुमचा नवा सोर्स सेट द्या, मग येणार नाही. दुसरं म्हणजे, अशा रीतीने दिलेलं प्लगिन ‘प्लगिन्स’ ब्लॉकमधून लावलं तरच सापडतं. जुन्या पद्धतीने ‘अप्लाय प्लगिन’ लिहिलं तर सापडत नाही आणि माणूस उगाच प्लगिनच्या आयडीत चूक शोधत बसतो.

‘विथग्रेडलव्हर्जन’ देऊन याच टेस्ट जुन्या-नव्या ग्रेडलवर चालवता येतात. पहिल्यांदा ती पूर्ण आवृत्ती डाउनलोड होते, तेव्हा नेट धीमं असेल तर टेस्ट अडकल्यासारखी वाटते. ती थांबवू नका.

एक टास्क मात्र या चौकटीत बसत नाही. सकाळच्या सौद्याचे भाव सर्व्हरवरून आणणारं टास्क कशावर अवलंबून आहे, हे कुठल्याही फाईलवरून सांगता येत नाही. त्यावर ग्रेडल 7.3 पासूनचं ‘@अनट्रॅक्डटास्क’ लावलं आहे आणि त्याच्या ‘बिकॉज’मध्ये कारण लिहिलं आहे : भाव बाहेरून येतात, दरवेळी आणायलाच हवेत. आणलेली फाईल पुढच्या टास्कला ‘@इनपुटफाईल’ म्हणून जाते. भाव बदलले तर पट्टीचं टास्क चालतं, तेच राहिले तर चालत नाही.